रायफलच्या नळीचा पेच आणि गोळीचे स्थैर्य

१. प्रश्नाचे स्वरूप

मेहरूणहून महामार्गाने पूर्वेस निघाले म्हणजे भुसावळ ओलांडल्यानंतर वरणगाव लागते. १९६२ च्या युद्धानंतर देशातील दारूगोळ्याचे उत्पादन वाढविण्याचे जे प्रयत्न झाले, त्या काळात, म्हणजे १९६४ साली, येथे आयुध निर्माणी स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली आहे. ५.५६ मि.मी. व ७.६२ मि.मी. व्यासाच्या रायफलींची काडतुसे हे तिचे प्रमुख उत्पादन होय. ज्या 'इन्सास' रायफलीसाठी यांपैकी पहिल्या प्रकारची काडतुसे प्रामुख्याने बनू लागली, तिचा आराखडा पुण्याजवळ पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेत तयार झाला. परंतु तिच्या नळ्या घडविण्याचे काम ईशापूर, कानपूर व तिरुचिरापल्ली येथील कारखान्यांकडे आले. वरणगाव व ईशापूर यांच्यामध्ये रेल्वेमार्गाने सुमारे दीड हजार किलोमीटरांचे अंतर आहे.

गोळी एका ठिकाणी तयार व्हावी, नळी दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंची गाठ तिसऱ्याच ठिकाणी, सीमेवरील एखाद्या जवानाच्या हातात, पडावी, अशी ही व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेत गोळी व नळी यांचे जमणार की नाही हे ज्या थोड्या आकड्यांवर ठरते, त्यांतील एक म्हणजे नळीच्या आतील आट्यांचा पेच. नळीतून किती अंतर पुढे सरकल्यावर गोळीचा स्वतःभोवती एक पूर्ण फेरा होतो, त्या अंतरास आपण या लेखात 'पेचाची लांबी' असे म्हणू. ३०५ मि.मी. (१२ इंच) अंतरात एक फेरा होत असेल तर तो मंद पेच, १७८ मि.मी. (७ इंच) अंतरात एक फेरा होत असेल तर तो जलद पेच. ही लांबी कशी ठरते, ती चुकल्यास काय होते आणि लांब पल्ल्याच्या अचूकपणावर तिचा परिणाम कोणत्या मार्गांनी होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दृढ पदार्थाच्या गतीचा जो भाग येतो, तेवढ्या पूर्वतयारीवर हे सर्व समजण्यासारखे आहे.

२. थोडा पूर्वेतिहास

नळीच्या आतून सर्पिल खाचा पाडण्याची कला युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकापासून ज्ञात होती. परंतु तिचे शास्त्रीय कारण सांगण्याचे श्रेय मुख्यतः बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाकडे जाते. तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवरील त्याचा ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

रॉबिन्सच्या काळी गोळी वाटोळी असे. वाटोळ्या गोळीला उलथून पडण्याचे भय नसते. तिच्या बाबतीत भ्रमणाचा उपयोग एवढाच की, तिच्यातील असमतोलाचे परिणाम सर्व दिशांना सारखे वाटले जावेत. एकोणिसाव्या शतकात गोळी लांबट झाली आणि प्रश्नाचे रूपच पालटले. १८५७ च्या उठावात ज्या रायफलीची काडतुसे वादाचा विषय झाली, त्या १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच असून पेच ७८ इंचांत एक फेरा इतका मंद होता. त्याच सुमारास जोसेफ व्हिटवर्थ याने ०.४५१ इंच व्यासाची, षट्कोनी छिद्राची आणि २० इंचांत एक फेरा असलेली रायफल तयार केली. दोहोंच्या गोळ्यांचे वजन जवळजवळ सारखेच होते. मात्र व्हिटवर्थची गोळी बारीक व लांब होती. दूरच्या पल्ल्यावर व्हिटवर्थने एन्फील्डला सहज मागे टाकले. लांब व सडपातळ गोळी हवेला कमी अडते, परंतु तिला सरळ ठेवावयाचे तर पेच जलद हवा, हा धडा तेव्हापासून घातला गेला.

३. गोळी उलथते का व सावरते कशी

हवेतून जाणाऱ्या टोकदार गोळीवर हवेचा जो एकत्रित दाब पडतो, त्याचा मध्य गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, टोकाकडे असतो. बाणाच्या बाबतीत याच्या उलट स्थिती असते. पिसांमुळे दाबमध्य मागे जातो आणि बाण आपोआप सरळ राहतो. गोळीचे टोक उड्डाणदिशेपासून किंचितही ढळले की हवेचा दाब ते आणखी ढळविण्याचा प्रयत्न करतो. म्हणजे भ्रमण नसलेली गोळी ही टोकावर उभ्या केलेल्या, न फिरणाऱ्या भोवऱ्यासारखी असते, ती पडावयाचीच.

भोवरा फिरू लागला म्हणजे तो पडत नाही, आपला आस शंकूच्या पृष्ठावरून फिरवीत राहतो. या गतीला परांचन म्हणतात. गोळीचेही असेच घडते. हवेचे उलथविणारे परिबल तिच्या आसाला खाली न पाडता बाजूस वळविते आणि आस उड्डाणदिशेभोवती शंकू रेखाटू लागतो. मात्र याकरिता भ्रमण एका किमान मर्यादेहून अधिक असले पाहिजे. ही मर्यादा पुढील गुणोत्तराने व्यक्त होते :

स = (क × भ) × (क × भ) ÷ (४ × ख × ग)

येथे स म्हणजे स्थैर्यांक, क म्हणजे गोळीच्या स्वतःच्या आसाभोवतीचे निरूढी-परिबल, ख म्हणजे त्या आसाशी लंब असलेल्या, गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या रेषेभोवतीचे निरूढी-परिबल, भ म्हणजे भ्रमणाचा कोनीय वेग आणि ग म्हणजे एक रेडियन कलण्यामागे हवेचे उलथविणारे परिबल. स हा १ पेक्षा कमी असेल तर गोळी उलथते. १ पेक्षा अधिक असेल तर सावरते. व्यवहारात उत्पादनातील फरक व हवामानातील बदल लक्षात घेऊन स सुमारे १.५ असावा असे मानतात.

या सूत्रातून प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटणारा एक निष्कर्ष निघतो. भ्रमणाचा वेग हा गोळीचा वेग भागिले पेचाची लांबी यांच्या प्रमाणात असतो. म्हणून अंशस्थानी गोळीच्या वेगाचा वर्ग येतो. छेदस्थानी हवेचे परिबलही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन्ही वर्ग एकमेकांस छेदतात आणि स्थैर्यांक वेगापासून जवळजवळ स्वतंत्र राहतो. 'जवळजवळ' म्हणण्याचे कारण असे की, उलथविण्याचा गुणक ध्वनिवेगाच्या तुलनेत गोळीचा वेग किती यावर काहीसा अवलंबून असतो. परंतु हा परिणाम सौम्य आहे. तेव्हा मंद पेचाच्या नळीतून उलथणारी गोळी दारू वाढवून सुधारेल ही आशा व्यर्थ होय. वेग दहा टक्क्यांनी वाढविला तरी स्थैर्यांक जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. पेचाची लांबी दहा टक्क्यांनी घटविली तर तो तेवीस टक्क्यांनी वाढतो.

भ्रमणाचे प्रत्यक्ष आकडे मात्र मोठे असतात. १७८ मि.मी. पेचाच्या नळीतून सेकंदास ९४० मीटर वेगाने निघणारी गोळी सेकंदास सुमारे ५,२८० फेरे, म्हणजे मिनिटास तीन लाखांहून अधिक फेरे घेते. ३०५ मि.मी. पेचाच्या ७.६२ मि.मी. रायफलीत, ८४० मीटर वेगास, हा आकडा मिनिटास सुमारे १,६५,००० इतका येतो.

४. ग्रीनहिलचा नियम

वूलिच येथील तोफखाना-शिक्षणाशी संबंधित असलेले गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली पेचाची लांबी ठरविण्याचा एक सुटसुटीत नियम दिला. तो असा :

पेचाची लांबी = १५० × व्यास × व्यास ÷ गोळीची लांबी

सर्व लांब्या एकाच एककात घ्यावयाच्या. वेग सेकंदास सुमारे ८५० मीटरांहून अधिक असल्यास १५० ऐवजी १८० घेण्याचा प्रघात पुढे पडला. ग्रीनहिल यांनी हा नियम द्रवात सरकणाऱ्या लंबगोलाच्या गतीच्या अवघड गणितावरून काढला होता. परंतु त्याचे स्वरूप साध्या परिमाण-विचारानेही मिळते, व तो विचार विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्यासारखा आहे.

गोळीचे वस्तुमान हे लांबी व व्यासाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. अक्षीय निरूढी-परिबल म्हणजे वस्तुमान गुणिले व्यासाचा वर्ग. म्हणून ते लांबीचा पहिला घात व व्यासाचा चौथा घात यांच्या प्रमाणात येते. आडवे निरूढी-परिबल म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग; म्हणून ते लांबीचा तिसरा घात व व्यासाचा दुसरा घात यांच्या प्रमाणात येते. उलथविणारे परिबल हे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ व तरफेची लांबी यांच्या प्रमाणात, म्हणजे व्यासाचा वर्ग गुणिले लांबी असे येते. हे सर्व स्थैर्यांकाच्या सूत्रात घातले म्हणजे स्थैर्यांक हा व्यासाचा चौथा घात भागिले लांबीचा वर्ग व पेचाच्या लांबीचा वर्ग, या प्रमाणात राहतो. स्थैर्यांक ठराविक ठेवावयाचा तर पेचाची लांबी ही व्यासाचा वर्ग भागिले गोळीची लांबी यांच्या प्रमाणात असली पाहिजे. हाच ग्रीनहिलचा नियम. याच विचारातून आणखी एक गोष्ट निघते : पेचाची चालण्याजोगी लांबी ही गोळीची घनता व हवेची घनता यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ग्रीनहिलचा गुणक शिसेयुक्त गोळीच्या, म्हणजे सुमारे १०.९ विशिष्ट गुरुत्वाच्या, हिशेबाने आहे.

आता हा नियम काही प्रत्यक्ष गोळ्यांना लावून पाहू.

(अ) ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धेत वापरली जाणारी ०.२२ इंच व्यासाची गोळी. व्यास ५.७ मि.मी., लांबी सुमारे १२ मि.मी. नियमाने पेच सुमारे ४०५ मि.मी. येतो, प्रचारातील पेच १६ इंच, म्हणजे ४०६ मि.मी. आहे.

(आ) ७.६२ मि.मी. ची साधी लष्करी गोळी. खाचांमधील व्यास ७.८ मि.मी., लांबी सुमारे २९ मि.मी. नियमाने सुमारे ३१५ मि.मी.; प्रत्यक्ष पेच १२ इंच, म्हणजे ३०५ मि.मी.

(इ) ५.५६ मि.मी. ची जुनी अमेरिकन गोळी. व्यास ५.७ मि.मी., लांबी सुमारे १९ मि.मी. वेग अधिक असल्यामुळे १८० हा गुणक घेतल्यास सुमारे ३०५ मि.मी.; एम-१६ रायफलीचा १९६० च्या दशकातील पेच नेमका इतकाच होता.

प्रायोगिक अनुभवाने स्थिरावलेले आकडे आणि एका ओळीचा नियम यांचा इतका मेळ बसावा, हे त्या नियमाच्या मुळाशी असलेल्या भौतिक विचाराचे बळ होय. तथापि हा नियम स्थैर्यांक किती मिळेल ते सांगत नाही, आणि हवामानाचाही विचार करीत नाही. ही उणीव डॉन मिलर यांनी २००५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या अनुभवाधिष्ठित सूत्राने बरीच भरून निघाली. त्यात गोळीचे वस्तुमान, व्यास, लांबी व पेच यांवरून स्थैर्यांक काढून त्याला वेग, तपमान व वायुदाब यांच्या दुरुस्त्या लावतात.

५. एका गोळीने बदलविलेला पेच

पेचाचा प्रश्न किती निर्णायक ठरू शकतो याचे उत्तम उदाहरण ५.५६ मि.मी. काडतुसाच्या इतिहासात सापडते. एम-१६ च्या आरंभीच्या नमुन्यांत पेच १४ इंचांत एक फेरा असा होता. सामान्य हवेत तो जेमतेम पुरत असे. परंतु ध्रुवीय थंडीच्या चाचण्यांत घट्ट हवेमुळे गोळ्या डळमळू लागल्या, आणि १९६३ च्या सुमारास पेच १२ इंचांवर आणण्यात आला. एवढ्या बदलाने स्थैर्यांक ३६ टक्क्यांनी वाढला.

पुढे १९८० साली नाटो राष्ट्रांनी बेल्जियममध्ये विकसित झालेली एसएस-१०९ ही गोळी प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे वजन ४ ग्रॅम असून टोकाशी पोलादी गाभा आहे. पोलाद शिशापेक्षा हलके असल्यामुळे गोळीची लांबी २३ मि.मी. पर्यंत वाढली. व्यास तोच, काडतूस तेच, रायफलीत ते बसतेही तसेच. परंतु जुन्या पेचाला ही गोळी मानवेना. मिलरच्या सूत्राने, प्रमाण हवेत, या गोळीचा स्थैर्यांक निरनिराळ्या पेचांस पुढीलप्रमाणे येतो :

पेच ३०५ मि.मी. : स्थैर्यांक ०.८५
पेच २२९ मि.मी. : स्थैर्यांक १.५
पेच २०० मि.मी. : स्थैर्यांक २.०
पेच १७८ मि.मी. : स्थैर्यांक २.५

पहिल्या ओळीचा अर्थ स्पष्ट आहे. जुन्या नळीतून नवी गोळी झाडल्यास ती सरळ जाणारच नाही. लक्ष्याच्या कागदावर वाटोळ्या छिद्राऐवजी आडव्या गोळीच्या आकृतीचे लांबट भोक दिसेल. २२९ मि.मी. चा पेच या गोळीस पुरेसा असता. तरीही नाटो राष्ट्रांनी १७८ मि.मी. हा पेच घेतला, याचे कारण तिच्या जोडीने वापरावयाची प्रकाशरेषा सोडणारी गोळी होय. पाठीमागे ज्वालाद्रव्य भरल्यामुळे ती सुमारे २९ मि.मी. लांब झाली. ग्रीनहिलच्या नियमाने तिला १५० गुणकाने १६६ मि.मी. व १८० गुणकाने २०० मि.मी. पेच लागतो, १७८ मि.मी. हा या दोहोंच्या मध्ये आहे. नळी एकच असावयाची आणि गोळ्या दोन प्रकारच्या, तेव्हा पेच सर्वांत लांब गोळीला बेतावा लागतो. इतर गोळ्यांना तो गरजेपेक्षा जलद पडतो, आणि त्याची किंमत पुढे दिल्याप्रमाणे मोजावी लागते.

यावरून हेही ध्यानात यावे की पेच ठरविताना मुख्य राशी गोळीचे वजन ही नसून तिची लांबी ही आहे. आज शिशाच्या विषारीपणामुळे निव्वळ तांब्याच्या गोळ्यांकडे अनेक देशांचे लक्ष वळले आहे. तांब्याचे विशिष्ट गुरुत्व ८.९ असल्यामुळे त्याच वजनाची गोळी सुमारे २२ टक्के लांब होते. शिवाय घनता कमी झाल्याचा परिणाम वेगळा. दोन्ही मिळून पेचाची लांबी सुमारे एकचतुर्थांशाने घटवावी लागते. तोच पेच ठेवल्यास स्थैर्यांक जवळजवळ निम्म्यावर येतो. काडतुसाच्या कारखान्यात धातू बदलण्याचा निर्णय हा अशा रीतीने हजार मैलांवरील नळीच्या कारखान्याचाही निर्णय असतो.

६. खानदेशचे ऊन आणि लडाखची थंडी

स्थैर्यांक हवेच्या घनतेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. जळगाव परिसरात मे महिन्यात तपमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर आहे. १५ अंशांच्या प्रमाण हवेच्या तुलनेने येथील उन्हाळी हवा सुमारे बारा टक्के विरळ असते. ज्या गोळीचा स्थैर्यांक प्रमाण हवेत १.५, तिचा येथे १.७ होईल. समुद्रसपाटीवर उणे ५० अंश थंडीत मात्र तो १.२ च्याही किंचित खाली उतरेल. वरणगावच्या परिसरात मेमध्ये घेतलेली चाचणी उत्तीर्ण झाली एवढ्यावरून गोळी सर्वत्र स्थिर राहील असे म्हणता येणार नाही, हे यावरून उघड आहे.

मग हिमालयातील आपल्या जवानांचे काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. येथे थंडी व उंची एकमेकींविरुद्ध काम करतात. लेहच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरांवर, वायुदाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोनतृतीयांश असतो. उणे २० अंशांची थंडी हवा घट्ट करते खरी. पण दाबातील घट तिच्यावर मात करते, आणि स्थैर्यांक प्रमाण हवेच्या १.३ ते १.४ पट येतो. त्याहून उंच ठाण्यांवर तो अधिकच वाढतो. म्हणजे गोळीच्या स्थैर्याची खरी कसोटी उंच बर्फाळ शिखरांवर नसून सखल प्रदेशातील कडाक्याच्या थंडीत असते. उंचावर त्रास होतो तो वेगळ्या कारणाने : विरळ हवेत रोध कमी असल्यामुळे गोळी मैदानातील कोष्टकापेक्षा कमी खाली पडते आणि नेम वर जातो. हा दृष्टीच्या मापनाचा प्रश्न आहे, पेचाचा नव्हे.

७. अधिक जलद पेचाची किंमत

स्थैर्य हवेच असेल तर पेच हवा तितका जलद का करू नये, या शंकेचे उत्तर तीन भागांत देता येईल.

पहिला भाग गोळीच्या असमतोलाचा. कोणतीही गोळी परिपूर्ण नसते. कवचाच्या जाडीत किंचित फरक राहतो आणि गुरुत्वमध्य भौमितिक आसापासून थोडा बाजूस जातो. नळीत असेतो गोळी भौमितिक आसाभोवती फिरते. त्यामुळे गुरुत्वमध्य एका लहान सर्पिल मार्गाने जातो. नळीच्या तोंडातून सुटताच गोळी गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते आणि त्या क्षणी गुरुत्वमध्याला जो आडवा वेग असतो तो कायम राहतो. त्यामुळे उद्‌भवणारा दिशाबदल, रेडियनमध्ये, पुढीलप्रमाणे येतो :

दिशाबदल = ६.२८ × गुरुत्वमध्याचे अंतर ÷ पेचाची लांबी

यातही वेग नाहीसा झाला आहे. गुरुत्वमध्य ५ सहस्रांश मिलिमीटर इतका बाजूस असेल, तर ३०५ मि.मी. पेचास १०० मीटरांवर गोळी सुमारे १० मि.मी. बाजूस जाईल, १७८ मि.मी. पेचास सुमारे १८ मि.मी. जाईल. कोणत्या बाजूस जाईल हे काडतूस नळीत कसे बसले यावर, म्हणजे दैवावर, अवलंबून असते. म्हणून याचे स्वरूप नेम सुधारून घालविता येण्याजोग्या चुकीचे नसून विखुरणाचे असते.

लक्ष्यवेधाच्या खेळात या हिशेबाला विशेष महत्त्व आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल, तीन अवस्था, या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले होते. या स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी., म्हणजे त्रिज्या ५.२ मि.मी. असते. वर घेतलेल्या असमतोलाने ४०६ मि.मी. पेचास गोळी ५० मीटरांवर सुमारे ४ मि.मी. सरकेल, पेच निम्मा, म्हणजे २०३ मि.मी. केला तर सुमारे ८ मि.मी. सरकेल. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात. तेव्हा ज्या आखूड गोळीला जलद पेचाची गरजच नाही, तिला तो देणे म्हणजे नेमबाजाचे परिश्रम नळीच्या तोंडाशी वाया घालविणे होय. या क्रीडाप्रकारात मंद पेच शतकाहून अधिक काळ टिकून राहिला याचे कारण हेच.

दुसरा भाग भ्रमणजन्य विचलनाचा. गुरुत्वाकर्षणामुळे गोळीचा मार्ग सतत खाली वळत असतो. त्या मार्गाबरोबर वळण्यासाठी फिरणाऱ्या गोळीचा आस किंचित बाजूस कललेला राहावा लागतो : उजव्या पेचात उजवीकडे, डाव्या पेचात डावीकडे. या स्थिर कलण्यामुळे हवा गोळीला त्या बाजूस ढकलते. ७.६२ मि.मी. च्या गोळीबाबत हे विचलन ६०० मीटरांवर सुमारे १० सें.मी. आणि १,००० मीटरांवर सुमारे ४० सें.मी. भरते. पेच जलद केला म्हणजे तेही वाढते. तुलनेसाठी, पृथ्वीच्या परिवलनामुळे होणारे आडवे विचलन मेहरूणच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २१ अंश उत्तरेस, १,००० मीटरांस व सव्वादोन सेकंदांच्या उड्डाणकाळास, सहा सें.मी. हूनही कमी येते. उत्तर गोलार्धात ते उजवीकडे असते. म्हणून उजव्या पेचात दोन्ही विचलने मिळतात, तर जुन्या ०.३०३ ली-एन्फील्ड रायफलीसारख्या डाव्या पेचात ती परस्परविरुद्ध जातात. भ्रमणजन्य विचलन हे विखुरण नव्हे. ते दर वेळी सारखेच असते, आणि कोष्टकातून वजा करता येते.

तिसरा भाग गोळीच्या बळाचा. मिनिटास तीन लाख फेऱ्यांवर पातळ कवचाच्या गोळीवर केंद्रोत्सारी ताण इतका येतो की, हलक्या शिकारी गोळ्या क्वचित उड्डाणातच फुटतात. लष्करी गोळीचे कवच जाड असल्यामुळे हा धोका तिला सहसा नसतो.

याउलट, स्थैर्यांक १ व १.५ यांच्या दरम्यान असलेली गोळी उलथत नसली तरी निर्दोष नसते. नळीतून सुटताना बसलेल्या धक्क्यामुळे तिचा आस जो डोलू लागतो, ते डोलणे अशा गोळीत मोठे असते व सावकाश शमते. डोलणाऱ्या गोळीस हवेचा रोध अधिक, म्हणून दूरच्या पल्ल्यावर वेग कमी उरतो आणि वारा तिला अधिक ढकलतो. शंभर मीटरांवर चांगला गट देणारी नळी सहाशे मीटरांवर निराशा करते, त्याचे एक कारण येथे शोधावे.

८. उड्डाणाच्या शेवटी

उड्डाणकाळात गोळीचा वेग झपाट्याने कमी होतो, परंतु भ्रमण फार हळू मंदावते. त्यामुळे छेदस्थानचे हवेचे परिबल घटत जाते आणि स्थैर्यांक पल्ल्याबरोबर वाढत जातो. नळीच्या तोंडाशी जी गोळी सावरली, ती या अर्थाने पुढेही सावरलेली असते. मात्र वेग ध्वनिवेगाच्या जवळ येतो तेव्हा दाबमध्याचे स्थान पालटते, उलथविणारे परिबल वाढते, आणि डोलणे शमण्याऐवजी वाढण्याचा संभव निर्माण होतो. हा गतिकीय स्थैर्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. केवळ पेच जलद करून तो सुटत नाही, गोळीचा आकारच त्यासाठी योग्य असावा लागतो.

या सर्व गतीचा पहिला व्यवस्थित प्रायोगिक अभ्यास फाउलर, गॅलप, लॉक व रिचमंड यांनी १९२० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मार्गात ठराविक अंतरांवर पुठ्ठे उभे करावयाचे, त्यांतून गोळा पार करावयाचा आणि प्रत्येक पुठ्ठ्यावरील छिद्राच्या आकारावरून आसाचे कलणे मोजावयाचे, अशी त्यांची साधी परंतु अत्यंत फलदायी पद्धत होती. हेच राल्फ फाउलर पुढे केंब्रिज येथे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर व होमी भाभा यांचे मार्गदर्शक झाले.

९. उपसंहार

नळीचा पेच मोजण्यासाठी मोठ्या उपकरणांची आवश्यकता नाही. सळईच्या टोकास घट्ट चिंधी गुंडाळून ती नळीत घालावी, सळईवर खूण करावी, आणि ओढताना खुणेचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सळई किती सरकली ते पाहावे. एवढ्या साध्या मापाने मिळणारी ही संख्या. परंतु एकदा रायफल सैन्यात रुजू झाली की ती पुढील कित्येक दशके बदलता येत नाही. लाखो नळ्या तिच्यानुसार कोरल्या जातात, आणि त्या नळ्यांसाठी पुढे जी जी गोळी आखली जाईल, तिच्या लांबीवर या संख्येचे बंधन राहते. थोडा जलद पेच घेतला तर भावी लांब गोळ्यांना वाव राहतो, पण आजच्या गोळीतील प्रत्येक असमतोल वाढून दिसतो; थोडा मंद घेतला तर आजची अचूकता मिळते, पण उद्याचा मार्ग बंद होतो. या पेचप्रसंगातून सुटण्याचा मार्ग गोळीच्या निर्मितीतील काटेकोरपणाकडे जातो. कवचाची जाडी जितकी एकसारखी, तितका जलद पेच निर्धोकपणे परवडतो. ईशापूरच्या नळीत पेच किती असावा याचे उत्तर अशा रीतीने अंशतः वरणगावच्या साच्यांत दडलेले असते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घराजवळ ही निर्माणी आहे. दृढ पदार्थाच्या गतीची समीकरणे फळ्यावर सोडविताना त्यांनी भोवऱ्याच्या जोडीने या गोळीचेही उदाहरण घ्यावे, तिच्या निरूढी-परिबलांची गणना मापांवरून करावी, आणि ग्रीनहिल व मिलर यांच्या सूत्रांशी ती ताडून पाहावी. ज्या गणिताची चूक परीक्षेत दोन गुणांनी मोजली जाते, तीच चूक रणांगणावर कोणत्या मापाने मोजली जाईल, याची जाणीव त्यातून सहजच होईल.